ड्रायव्हर लोग नीचे बैठते हैं

शोरूममधल्या सेल्सच्या पोराचं हे वाक्य आपल्याला उद्देशून आहे हे कळायला मला चांगले तीन-चार सेकंद लागले. मी मागे वळून पण बघितलं, की हा कोणाला सांगतोय. मागे कोणी नव्हतं. शोरूमची काच होती आणि त्या काचेत मी होतो. पांढरा हाफ शर्ट, निळी पँट, एका हातात गाडीची चावी, दुसऱ्यात पाण्याची बाटली, खांद्यावर माझ्या मित्राची, नंदूची, लॅपटॉपची बॅग. खरं सांगू का, त्या माणसाला काचेत बघून मी पण हेच म्हटलं असतं.

पांढऱ्या शर्टाचा निर्णय माझा नव्हता. बायको म्हणाली, एवढ्या मोठ्या शोरूममध्ये जाताय, तो चुरगळलेला चेक्सचा नको, आणि कडक इस्त्री करून हा दिला. बॅग आणि बाटली नंदूची, कारण गाडी पार्क करेपर्यंत त्याला फोन आला आणि त्याने दोन्ही वस्तू न बघता माझ्याकडे दिल्या, शाळेत मधल्या सुट्टीत दप्तर द्यायचा तशा. आणि गाडी मी चालवत होतो कारण नंदूला मुंबईत गाडी चालवायचा कंटाळा येतो.

आता हाच नंदू स्पोर्ट सेडान घ्यायला निघालेला. यादीत तीन जर्मन: बीएमडब्ल्यूची थ्री सीरिज, मर्सिडीजची सी क्लास आणि ऑडीची ए फोर. तिघांची नावं सांगतो पण हे कुठल्या शोरूममध्ये घडलं ते सांगणार नाही. मला न्यायचं कारण म्हणजे मी मेकॅनिकल इंजिनियर, "तुला त्यातलं कळतं". आयुष्यभर पाण्याच्या पंपांची टेंडरं भरली मी, पण नंदूच्या मते जे फिरतं ते सगळं मला कळतं. तरी मी आदल्या रात्री बसून अभ्यास केला होता हो! थ्री सीरिजच्या लाँग व्हीलबेसला, म्हणजे लांब केलेल्या मॉडेलला, २५८ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ६.२ सेकंदांत. सी क्लासमधल्या सी टू हंड्रेडला २०४ हॉर्सपॉवर. वहीत तक्ता केला होता, रंगीत पेनाने. ती वही त्याच बॅगेत होती, जी मी हमालासारखी धरून उभा होतो.

माणसाने अशा वेळी काय करावं? "एक्स्क्यूज मी" म्हणावं, आवाज चढवावा, मॅनेजरला बोलवावं. मी "अच्छा" म्हणालो आणि खाली गेलो. का ते विचारू नका, मी गेले चार दिवस स्वतःला तेच विचारतोय.

खाली म्हणजे बेसमेंट. वॉशिंग बेच्या बाजूला एक खोली, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि पाण्याचा फिल्टर ज्याच्यावर साखळीने बांधलेला ग्लास होता, म्हणजे साखळी होती, ग्लास नव्हता. एका खुर्चीत साठीचे एक गृहस्थ चप्पल काढून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसलेले. बाकीचे पोरगेलसे ड्रायव्हर त्यांना मामा म्हणत होते. मामांनी पाय खाली घेतले, खुर्ची हाताने पुसली आणि म्हणाले, "बसा. गाव खंयचा?"

मी म्हणालो, दादर.

"ता ऱ्हवता खंय झाला. गाव इचारतंय मी."

वेंगुर्ला म्हटल्यावर माणूस एकदम फुललाच. त्यानंतर हिंदी नाही, मराठी नाही, सरळ मालवणी. मला मालवणी समजते, बोलता येत नाही, हे आमच्या घराण्याचं जुनं दुखणं आहे, त्यामुळे मी बराच वेळ नुसती मान हलवली. आणि मान हलवण्यातच तो क्षण निघून गेला, जेव्हा मी सांगू शकलो असतो की अहो मी ड्रायव्हर नाही.

"शेठ बरो आसा?"

म्हटलं, बरा आहे.

"किती वर्सां झाली?"

आता हे खोटं सांगणं मला जमलं नाही. पाचवीपासून एका वर्गात आहोत आम्ही. म्हटलं, चाळीस वर्षं होतील.

मामांनी चष्मा काढला. "चाळीस! दिवाळीक काय देता?"

"ड्रायफ्रूटचा डबा." हेही खरं होतं. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी डब्यावर दुसऱ्याच कोणाच्यातरी कंपनीचं नाव असतं.

"ओव्हरटायम?"

गेल्या महिन्यात त्याच्या सासूबाईंना पहाटे साडेतीनला एअरपोर्टवर मीच सोडलं होतं. म्हटलं, नाही देत.

"तुमका मागूक लाज वाटता," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे अशा काही करुणेने बघितलं की माझा घसाच दाटून आला. चाळीस वर्षांत नंदूबद्दल मला जे शब्दांत मांडता आलं नव्हतं ते या माणसाने दोन प्रश्नांत काढलं.

मग मी त्यांना गाडीबद्दल विचारलं. मामा एकवीस वर्षं जर्मन गाड्या चालवतायत, शेठ तीन बदलले, गाड्या सहा. वरती तो पोरगा नंदूला डॅशबोर्डवरच्या लायटिंगचे रंग मोजून दाखवत असेल, पण गाडीचं खरं मूल्यमापन बेसमेंटमध्ये चाललं होतं आणि ते असं.

"मागे बसणाऱ्याची कंबर जाता. सीट खाली, दार लहान. शेठाची आई आसा? मग उतरताना हात देऊक लागतलो, तो तुम्ही देतलास." पुढे टायर. "पंक्चर झालो तरी ऐंशीच्या स्पीडान ऐंशी किलोमीटर जाता म्हणतत. जाता, खरा आसा. पण खड्ड्यात साईडवॉल फाटली काय मग? ब्रोशरात खड्डो नाय." मग डिकी. स्टेपनी डिकीत अशी उताणी ठेवलेली असते की बॅगा कुठे ठेवायच्या, तर "बायलेच्या मांडयेर". मग पुढची सीट किती झोपते, दुपारी दोन तास पार्किंगमध्ये काढायचे तर मान कुठे टेकते. हा निकष माझ्या तक्त्यात नव्हता.

स्पीडब्रेकर कसा घ्यायचा तेसुद्धा त्यांनी दोन तळहातांनी करून दाखवलं. एक तळहात गाडी, दुसरा ब्रेकर, तिरकं, एकेक चाक. इथे मला राहवलं नाही, मी सांगितलं की रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, त्याच्यावरनं ताशी २५ ने आरामात जाता यायला पाहिजे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या गल्लीत आसा तसो?" आमच्या गल्लीत जो आहे तो गणपतीच्या आधी कोणीतरी हाताने थापलाय, भाकरीसारखा, एका बाजूला जाड. म्हटलं, नाही.

आणि मग मामा पुढे वाकले. आवाज एकदम खाली. "एक सांगतंय, कोणाक सांगू नकात. शेठ झोपले ना, की मी स्पोर्ट मोड लावतंय. सी लिंकवर. स्टेरिंग घट्ट होता, आवाज बदलता. शेठ हलले की परत कम्फर्ट." मग मागे टेकून म्हणाले, "साठ लाख त्येंचे. गाडी माझी."

याच्यावर मी काय बोलणार? या कंपन्यांनाही हे बरोबर ठाऊक आहे. थ्री सीरिज म्हणजे जगभर स्वतः चालवायची गाडी, आणि २०२१ मध्ये भारतात ती ११० मिलिमीटर लांब करून आणली, ते सगळे मिलिमीटर मागच्या सीटवाल्याच्या गुडघ्यांना. पुढच्याला काय, तर चार खुर्च्या आणि साखळी. वरती चॉकलेटचा बाऊल होता हो, मी येताना बघितला होता. अख्ख्या बिल्डिंगला सेंट्रल एसी आणि बेसमेंटला एक पंखा, तोही रेग्युलेटर नसलेला. साठ लाखांच्या गाडीवर नुसता रोड टॅक्स महाराष्ट्रात १३ टक्के, म्हणजे पावणेआठ लाखांच्या वर, त्या टॅक्समध्ये माझी वॅगनआर येते. आणि गाडीच्या साठ लाखांतनं या कंपनीवाल्यांना एक ग्लास ठेवता येत नाही? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मला राग ग्लासाचा आला की मला त्या खोलीत पाठवल्याचा, हे मला अजून नक्की सांगता येत नाहीये. मामा रोज बसतात. मी वीस मिनिटं बसलो तर चार दिवस जळतोय.

शेवटी नंदूचा फोन, "अरे आहेस कुठे, वही घेऊन ये." वर गेलो. नंदूने ओळख करून दिली, "माझा मित्र, इंजिनियर आहे." पोरगा पांढराफटक. सॉरी सर, सॉरी सर, कॅपुचिनो सर. नंदू इतका हसला की सोफ्यावर आडवा झाला, आणि लगेच शाळेच्या ग्रुपवर टाकलं, "ड्रायव्हर मिळाला, कोणाला हवाय?" सव्वीस हसणारे चेहरे आले. त्यात आमच्या वर्गशिक्षिका पण आहेत.

टेस्ट ड्राइव्हला नंदू म्हणाला, "तूच चालव, मी मागे बसून फील बघतो." पोरगा माझ्या शेजारी. बेसमेंटच्या रॅम्पवरनं बाहेर पडलो तर गेटपाशी मामा उभे, मागे आडवा पसरलेला नंदू बघितला, आणि मला अंगठा आणि तर्जनी चोळून दाखवली. पगार वाढवून मागा.

कोस्टल रोडला लागलो. इथे ८० ची मर्यादा, बोगद्यात ६० आणि वर कॅमेरे, म्हणजे ६.२ सेकंदांतले शेवटचे दीडेक सेकंद तुम्ही पैसे मोजून घ्यायचे आणि घरी कपाटात ठेवायचे. हाजी अलीच्या पुढे मागनं बारीक घोरणं ऐकू आलं. आरशात बघितलं. नंदूचं तोंड उघडं, कपाळ काचेला टेकलेलं. फील बघत होता.

बोगदा आला. मलबार हिलच्या खाली दोन किलोमीटर, पिवळा उजेड, समोर रस्ता मोकळा. माझा हात आपोआप बटणावर गेला. स्टेअरिंग खरंच घट्ट झालं हो. काटा ५८ वर, आवाज मात्र दीडशेचा.

"सर, स्पोर्ट में डाला?" पोरगा दचकून म्हणाला.

"धीरे बोलो," मी म्हटलं, "शेठ सो रहे हैं."