स्पॉन्सरशिप द्या, पण लोगोपुरती नको

इंजिनिअरिंगच्या पोरांनी बनवलेल्या गाड्यांवरचे कंपन्यांचे लोगो बघितले की मला हल्ली गणपती मंडळाची कमान आठवते. पैसे दिले, नाव लागलं, विषय संपला.

बोलायचा हक्क आहे, कारण मी देणाऱ्यांच्याच बाजूला बसतो. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीझन सुरू झाला की माटुंगा, अंधेरी, विद्याविहारकडची पोरं एकसारखे टी-शर्ट घालून येतात. हातात रंगीत ब्रोशर: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर. कुठल्या रकमेला गाडीच्या कुठल्या भागावर नाव, हे चित्रासकट. पोरं गुणी असतात. बाजा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या गाडी बनवायच्या स्पर्धांसाठी अख्खी गाडी डिझाइन करायची, बनवायची आणि मग पिथमपूरला नाहीतर कोइमतूरला नेऊन पळवून दाखवायची, हे येरागबाळ्याचं काम नाही. मुंबईत दारूखान्याच्या लोखंड बाजारातून पाइप, नागदेवी स्ट्रीटवरून बोल्ट-बेअरिंग, लॅमिंग्टन रोडवरून सेन्सर. हे सगळं लोकलच्या लगेजच्या डब्यातून, शिव्या खात.

माझं म्हणणं एवढंच की आपण उद्योगवाल्यांनी पैसे थोडे कमी दिले तरी चालतील, पण आपला माणूस द्या, मशीन द्या, आणि त्यांचं ड्रॉइंग लाल पेनाने तपासून द्या.

गेल्या सीझनला एक मुलगी बेअरिंग हाउसिंगचं ड्रॉइंग घेऊन आली. ॲल्युमिनियमचा जॉब. थ्रीडी मॉडेल देखणं, स्ट्रेस ॲनालिसिसचे लाल-निळे रंग झकास. पण ड्रॉइंगवर झाडून सगळ्या मापांना टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एकच, प्लस-मायनस दहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). बाहेरच्या चाम्फरला, म्हणजे तिरक्या मारलेल्या कडेलासुद्धा! आमच्या लेथवरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "बाळा, यात बेअरिंग कुठे बसणार?" तिने ६२ मिलिमीटरच्या बोअरवर, म्हणजे आतल्या गोल भोकावर, बोट ठेवलं. "मग जीव इथे लाव की. बाकीच्याला मला कशाला दिवसभर राबवतेस?"

ड्रॉइंग सुधारून ती परत आली. आता बोअरला एच-सेव्हन हा ठरलेला टॉलरन्स, म्हणजे ६२ ला शून्य ते ३० मायक्रॉन जास्त. कमी अजिबात नाही. टेबल तिला पाठ होतं. काकांनी बोअर मारला आणि गेज तिच्याच हातात दिला. माप बरोबर आलं, ती खूश. काका म्हणाले, "चहा पिऊन ये, मग परत माप." चहानंतर बोअर बारीक! वास्तविक तिला प्रसरणाचा गुणांक माहीत होता, वहीत गणितंही सोडवली होती. कापताना तापून ॲल्युमिनियम वीस अंश गरम असेल तर ६२ चा बोअर साधारण २८ मायक्रॉन मोठा दिसतो. म्हणजे जवळजवळ अख्खा टॉलरन्स नुसत्या उष्णतेने खाल्ला. "काका, मग आधीच का नाही सांगितलंत?" असं तिने विचारलं तेव्हा काका नुसते हसले आणि शेवटचा कट मारून जॉब पुरा केला.

आता हे गोल्ड पॅकेजमध्ये कुठे बसतं, सांगा.

पैसे लागत नाहीत असं नाही. टायर, बॅटरी, गाडी ट्रकने न्यायचं भाडं, एंट्री फी, हे सगळं रोख आहे आणि पोरं घरून वर्गणी काढतात हे मला ठाऊक आहे. पण सहज पैसा हातात आला की पहिली गोष्ट होते ती म्हणजे पार्ट बाहेर बनवायला टाकले जातात. व्हेंडर बनवून देतो, पोरं आणून जोडतात. फॉर्म्युला स्टुडंटच्या १००० गुणांपैकी १०० कॉस्ट आणि मॅन्युफॅक्चरिंगला आहेत, १५० डिझाइनला. तिथे जज विचारतो, हा पार्ट असाच का बनवला, दुसऱ्या पद्धतीने किती पडला असता? "व्हेंडरने असाच दिला" हे उत्तर देताना चेहरे बघवत नाहीत.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचंही एकदा बोलून टाकतो. पोरं पत्रात सीएसआर निधी मागतात आणि त्याच पत्राच्या मागे लोगोच्या जागेचं कोष्टक जोडतात. कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप त्यात धरता येत नाही. हे पोरांना कुणीतरी सांगायला हवं, आणि ते कॉलेजच्या ऑफिसचं काम आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना कंपन्यांच्या गेटवर सिक्युरिटीशी हुज्जत घालायला पाठवून ऑफिस मोकळं होतं, हे मला पटत नाही.

प्रायोजक कसा असावा याचं उदाहरण आपल्याच शहरात आहे. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' उपग्रह. वजन दहा किलोच्या आसपास. काम सुरू झालं २००७ ला, इस्रोशी करार २००९ ला, आणि उड्डाण २६ सप्टेंबर २०१६ ला, पीएसएलव्ही-सी३५ रॉकेटवरून. मधल्या काळात पोरांच्या बॅचेस बदलत गेल्या. इस्रोने त्यांना रॉकेटवर जागा दिलीच, पण त्याआधी त्यांच्या कामाचे रिव्ह्यू घेतले, चाचण्या करून घेतल्या. आपल्याला रॉकेट नाही पाठवायचं. शनिवारी दुपारी एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, रिकामी ठेवता येते, एवढं तरी करू.

आमच्याकडे यायचं असेल तर शनिवारी जेवणानंतर या. ड्रॉइंगची प्रिंट आणा, मोबाईलवर झूम करून दाखवू नका, काकांना दिसत नाही. मटेरियल तुमचं, टूल आमचे. आणि बूट घालून या, चपलेवर आत सोडणार नाही.