‘पेनड्राइव्ह खराब निघाला’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

नमस्कार साहेब,

गंजगोलाईतील आमच्या दुकानातून नेलेला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह खराब निघाला, निम्म्याहून अधिक जागा रिकामी असूनही लग्नाच्या व्हिडिओची ११ जीबीची फाइल त्यात जात नाही, शिवाय जागाही ५९ जीबीच दिसते, अशी तक्रार आपण एक तारा देऊन केली आहे.

खरेदीच्या वेळी आपण तो ट्रॅक्टरच्या टेपवर भजने ऐकण्यासाठी मागितला होता. असे टेप बहुधा फॅट३२ हाच फॉरमॅट (ड्राइव्हमध्ये फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) ओळखतात आणि ६४ जीबीचे पेनड्राइव्ह कंपनीकडून सहसा एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतात, म्हणून आम्ही तो आपल्यासमोर फॅट३२ करून, काउंटरवरच्या टेपला लावून, वाजवून दिला. (विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर हा पर्याय दिसतच नाही, तो दुसऱ्या मार्गाने करावा लागतो.)

फॅट३२ मध्ये फाइलचा आकार नोंदवण्यासाठी ३२ बिटच राखलेले असल्यामुळे एकच फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा, म्हणजे ४ जीबीपेक्षा, मोठी असू शकत नाही, मग ड्राइव्हमध्ये जागा कितीही असो. आपल्याला आलेल्या ‘फाइल इज टू लार्ज’ या संदेशाचा अर्थ तेवढाच आहे. ५९ जीबीचे म्हणाल, तर कंपनी हजाराच्या पटीने ६४ अब्ज बाइट मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने हिशेब करते, म्हणून तेच बाइट तिथे ५९ जीबी दिसतात. कोणत्याही कंपनीचा घेतला तरी तसेच दिसेल.

दुसऱ्या एका दुकानदाराने आपल्याला एनटीएफएस (विंडोजचा आणखी एक फॉरमॅट) करून घ्या असे सुचवल्याचेही आपण लिहिले आहे. तसे केल्यास व्हिडिओ बसेल, पण टेप बहुधा मुका होईल, आणि अ‍ॅपलच्या संगणकावर त्यातले वाचता आले तरी वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय त्यात काही लिहिता येणार नाही. व्हिडिओसाठी एक्सफॅटच योग्य, असे माझे मत आहे. मात्र त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नसते, त्यामुळे कॉपी चालू असताना ड्राइव्ह उपसला तर फाइली बिघडू शकतात.

माल सदोष नसल्यामुळे बदलून देता येणार नाही. एक्सफॅट मात्र विनामूल्य करून देऊ, पण फॉरमॅटमध्ये सगळे पुसले जाते, तेव्हा भजने आधी संगणकावर उतरवून ठेवावीत. त्यापेक्षा हा ट्रॅक्टरलाच राहू द्यावा आणि व्हिडिओसाठी दुसरा घ्यावा, किंवा व्हिडिओवाल्याकडून ४ जीबीपेक्षा लहान भाग करून मागावेत; ते याच ड्राइव्हमध्ये बसतील. व्हिडिओ टीव्हीवर पाहायचा असेल तर येताना टीव्हीचा मॉडेल नंबर लिहून आणावा, कारण जुने काही टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत.