भूत गीला की सूखा?

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला तेव्हा मी चकलीचा तिसरा 'नमुना' तपासत होतो. ३१ तारखेला हॅलोविन, मुलांसाठी भुतांच्या खिडक्यांची स्पर्धा, सगळं घरी बनवायचं, पालकांनी फक्त मदत करावी. या शेवटच्या वाक्यावर कुणीही भुलू नये. मदत मुलं करतात.

साल २०२४. लक्ष्मीपूजन ३१ला की १ला, यावर देशभर खल चाललेला. त्यात ३१लाच नरकचतुर्दशी. पहाटे उटणं लावून नरकासुराला चिरडायचं आणि संध्याकाळी त्याच्याच नातेवाइकांना खिडकीत लटकवायचं, यात पोरांना काहीच वावगं दिसेना. बायकोला दिसलं, पण वेगळंच. आदल्याच दिवशी तिने घरभरच्या काचा वर्तमानपत्राने घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. "काचेला एक डाग पडू दे," ती शांतपणे म्हणाली, "मग भूत बनवावं लागणार नाही."

इंदूरच्या खजूरी बाजारात दिवाळीची गर्दी. काळा कार्डशीट मागितला तर दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दिवाली पे काला? लाल-पीला ले जाओ, भिया." "भूत बनाना है," लेकीने खरं ते सांगितलं. सुटे पैसे त्याने जरा लांबूनच दिले.

वटवाघळाचं शास्त्र सोपं आहे. कागद दुमडायचा, अर्धं वटवाघूळ कापायचं, उघडलं की दोन्ही पंख सारखे. फक्त कात्री दुमडीच्या बाजूने चालवायची नाही. भाच्याने नेमकी तिथूनच चालवली आणि अकरा अर्धी वटवाघळं तयार झाली. "मामा, हे मरून राहिले आहेत," त्याने समजावलं. चेटकिणीच्या डोळ्यांना भोकं पाडून मागून लाल जिलेटिन चिकटवायचं हे मात्र लेकीने झकास केलं. भोपळ्याचं काय झालं ते विचारू नका. आयर्लंडात म्हणे आधी सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. आमचा आईला सापडला. मी कोरायची सुरी शोधेपर्यंत त्याचे घारगे झाले होते.

प्रश्न चिकटवण्याचा होता. काचेची धमकी कानात घुमत होती. "मैद्याची खळ कर, पाण्याने निघते," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती इथलीच, माळव्यातली. लहानपणी श्राद्धपक्षात रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे मुलींच्या खेळातली चित्रं, काढायची, वर फुलांच्या पाकळ्या, शेवटी मोठा किलाकोट म्हणजे किल्ल्याचं चित्र, मग सगळं खरवडून नदीत. "आम्ही पितरांच्या दिवसांत चांद-सूरज काढले," ती म्हणाली, "तुम्ही दिवाळीत पितर काढून राहिलात." एवढं बोलून तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि पहिलं देखणं भूत तिनेच कापलं. चेटकिणीला तर कुंकूही लावलं. सणाच्या दिवशी मोकळं कपाळ तिला चालत नाही.

परीक्षक आले संध्याकाळी सातला. ही काळी चित्रं खोलीतला उजेड बाहेर आला तरच बाहेरून दिसतात. पण बाहेर सोसायटीच्या झालरी आणि आमचाच आकाशकंदील असा काही पेटला होता, की खिडकी नुसती काळवंडलेली दिसली. "शॉर्ट सर्किट हुआ था क्या?" एका परीक्षकांनी आपुलकीने विचारलं. मुलांना एकेक चॉकलेट मिळालं.

रात्री दोनला मला जाग आली. झालरी विझल्या होत्या, रस्त्यावरचा दिवा तेवढा खिडकीतून आत येत होता आणि कपाटावर, माणसाहून मोठी, टोपी घातलेली बाई उभी होती. तिचे डोळे लाल होते. मी तिला ओळखलं असतं, हो. पण तेवढ्यात उशिरा परतणाऱ्या कुणाची तरी गाडी खालून वळली आणि ती बाई कपाटावरून निघून छतावर चालू लागली. मागोमाग अकरा अर्धी वटवाघळं. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. बायको म्हणते, "आई गं." आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, "काय रे?" मुलं मात्र ढाराढूर.

सकाळी खळ दगडासारखी वाळली होती आणि चेटकिणीच्या टोपीपासून नाकापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. ओलं फडकं, कोमट पाणी आणि बायकोची नजर यांच्या साहाय्याने तासाभरात सगळा लगदा बादलीत आला. तेवढ्यात कचरागाडी गाणं म्हणत आली.

२०१७मध्ये इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आला, तेव्हापासून आम्हाला कचऱ्याची जेवढी भीती वाटते तेवढी भुताची वाटत नाही. डबे सहा प्रकारचे. मी बादली घेऊन उभा. कागद म्हणजे सूखा, पण तो भिजलेला. मैदा म्हणजे गीला. जिलेटिन म्हणजे प्लास्टिक. कुंकवाचं काय, कुणास ठाऊक.

"ये क्या है, भिया?" गाडीवाल्याने बादलीत डोकावून विचारलं.

"भूत है," भाचा अभिमानाने म्हणाला.

त्याने एकदा भूत पाहिलं, एकदा मला पाहिलं. "अलग-अलग करके कल देना," म्हणाला, आणि गाणं लावून गाडी पुढे नेली.