२५२० : गूढ कसलं, लसावि आहे तो!

२२ डिसेंबरला रामानुजन जयंती आली की लातूर-नांदेडकडच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. '२५२० ही जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० या सगळ्या संख्यांनी पूर्ण भाग जातो. जगभरच्या गणितज्ञांना सापडली नाही, ती रामानुजन यांनी शोधली. रहस्य आपल्या कालगणनेत : ७ वार × ३० दिवस × १२ महिने.' खाली जोडलेले हात.

भाग जातो, एवढं खरं.

'एकमेव' मात्र नाही. दुप्पट करा, ५०४०. तिप्पट करा, ७५६०. त्यांनाही जातो, आणि ही रांग संपतच नाही. २५२० त्यातली सगळ्यात लहान.

रहस्य म्हणाल तर ५ × ७ × ८ × ९ करून बघा, २५२०च येतात. ८ घेतले की २ आणि ४ आलेच, ९ मध्ये ३ आला. २ आणि ३ आहेत म्हणून ६, २ आणि ५ आहेत म्हणून १०. हा साधा लसावि, स्कॉलरशिपला बसणारं पोरगं वहीच्या कोपऱ्यात काढतं.

कालगणनेचा गुणाकार बरोबर आहे, पण वर्षाच्या दिवसांना वारांनी गुणून नेमकं काय हाती लागतं? त्यात धोंड्याचा महिना आला की १२ चे १३ होतात. मग येतात २७३०, आणि त्यांना ४ नेसुद्धा भाग जात नाही. जावयाची सोय होते, मेसेजची नाही.

'कुणालाच सापडली नाही' हे तर फारच झालं. ५०४० ला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो हे प्लेटोनं ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय. त्याच्या आदर्श नगरीत तेवढीच कुटुंबं होती, वाटण्या सोप्या जाव्यात म्हणून. लसावि काढायची रीत युक्लिडकडेही आहे.

रामानुजन यांचं खरं काम याहून कितीतरी भारी आहे. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ साली दीर्घ लेख प्रसिद्ध केला. २५२० त्यातली एक : विभाजक ४८. तिच्याआधीची १६८०, विभाजक ४०. अशा संख्येच्या मूळ अवयवांत लहान अवयवाचा घात मोठ्यापेक्षा कधीच कमी नसतो, आणि ४ व ३६ सोडल्या तर शेवटच्या अवयवाचा घात १ च असतो, हे त्यांनी सिद्ध केलं. त्यांची यादी पार ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. या एका संख्येत २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोनदा, आणि ११, १३, १७, १९, २३ एकेकदा. विभाजक मोजायला प्रत्येक घातात १ मिळवून गुणायचं (शेवटच्या पाच अवयवांचे पाच २, म्हणजे ३२) : ७ × ५ × ३ × ३ × ३२, एकूण १०,०८० विभाजक.

तिला २३ ने भागा : २,९३,३१,८६,२५,६००. हीसुद्धा त्याच जातीची संख्या, आणि एवढ्या लांबलचक यादीत नेमकी हीच रामानुजन यांच्याकडून सुटली.