कुलूप नसलेलं मैदान

हेलसिंकीत आमच्या घरामागे पाइनचं छोटं जंगल आहे आणि त्यात डिस्क गोल्फच्या, म्हणजे चकती फेकून खेळायच्या गोल्फच्या, नऊ बास्केट उभ्या आहेत: खांबावर लोंबत्या साखळ्या आणि खाली जाळी. सगळ्यांत लांबची साठ मीटरवर, बाकीच्या चाळीस-पन्नास. गेल्या जुलैत मुलुंडहून आलेल्या आईला तिथे नेलं. डिस्क वाचनालयातून आणल्या. पुस्तकांसारख्याच कार्डावर मिळतात. नियम सांगायला दोन मिनिटं पुरली. ठरलेल्या जागेवरून फेकायचं, डिस्क पडेल तिथून पुन्हा फेकायचं, साखळ्यांना लागून ती जाळीत पडली की किती वेळा फेकली ते मोजायचं. तिला मी मुद्दाम पटर, म्हणजे जवळून हळू फेकायची डिस्क, दिली. लांब फेकायच्या डिस्कला, ड्रायव्हरला, हाताचा वेग लागतो; नवख्याच्या हातून ती एका बाजूला वळून झाडीत शिरते. पटर हळू फेकली तरी सरळ जाते.

पहिल्या बास्केटला आईला सात वेळा फेकावं लागलं, चौथीला चार. साखळ्या खळखळल्या तशी ती टाळ्या वाजवत पुढे पळाली. मग तिने विचारलं, "हे बंद किती वाजता होतं?"

होत नाही. तिकीट नाही, फाटक नाही, रखवालदारही नाही.

मुंबईत 2023 मध्ये महापालिकेने मैदानं आणि उद्यानं देखभालीसाठी खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणाचा मसुदा आणला, तेव्हा मोठा विरोध झाला. देखभालीला पैसा आणि माणसं लागतात, हे खरं. दत्तक गेलेल्या जागेवर क्लब उभा राहतो आणि शेजारची मुलं बाहेर राहतात, ही भीतीही खरी. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पण फिनलंडचा दाखला देताना जीभ अडखळते. हा अख्खा देश सुमारे 56 लाखांचा. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सव्वा कोटीच्या आसपास माणसं होती. आझाद मैदानात एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. तिथे दीड-पावणेदोनशे ग्रॅमची कडक चकती भिरकावणं धोक्याचं आहे.

तरी एक गोष्ट मला इथून स्पष्ट दिसते. मैदानात काय उभारायचं हे आपण ठरवतो, आणि देखभालीचा खर्च त्यावरच ठरतो. हिरवळ, प्रकाशझोत, क्लबहाउस केलं की पहारा आला, शुल्क आलं. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेडरिक यांनी पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स आखला, तो असलेल्या झाडांमधूनच. आमच्या नऊ बास्केटनाही वेगळी जमीन लागलेली नाही. त्याच वाटांवर लोक कुत्री फिरवतात, बेरी वेचतात, आणि कुणी समोर आलं की खेळणारा थांबतो. दत्तक कुणाला द्यायचं याआधी, दत्तक द्यावंच लागणार नाही असं काय बसवता येईल, यावर मुंबईत बोलणं व्हायला हवं.

आईच्या घराजवळच्या मैदानाला दुपारी कुलूप असतं. परत गेल्यावर एका संध्याकाळी तिने फाटकापासून पिंपळापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. अठ्ठेचाळीस भरली. फोनवर म्हणाली, "एक बास्केट मावते रे. फक्त सकाळी सातच्या आत खेळायचं, मुलं क्रिकेटला यायच्या आधी."