आजोबांच्या बंदुकीला कानस लावण्याआधी हे वाचा

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या बंदुकीचा चाप जड झालाय? घरीच सियर कानशीने घासा, स्प्रिंगची दोन वेटोळी कापा. अँटिक वस्तूला परवाना लागत नाही.’ मुरबाड, शहापूर किंवा कोकणातल्या घरांत ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) नाहीतर दुनळी बंदूक अजून असते, त्यामुळे हा सल्ला कुणीतरी खरंच अमलात आणेल अशी मला भीती वाटते.

आधी कानशीचं. घोडा, म्हणजे बार उडवायला आपटणारा भाग, मागे ओढला की सियर या आतल्या छोट्या खटक्याचं टोक त्याच्या खाचेत अडकतं आणि चाप ओढला की ते खाचेतून सुटतं. सगळी सुरक्षितता त्या एवढ्याशा पकडीवर आणि तिच्या कोनावर उभी असते. बऱ्याच जुन्या बंदुकांत या भागांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो, आतलं लोखंड मऊ. कानस नेमका तो थर खाते. सुरुवातीला चाप हलका लागतो, माणूस खूश होतो. मग मऊ धातू झिजत जातो आणि एखाद्या दिवशी नुसत्या धक्क्याने घोडा पडतो. दुनळीत तर एका नळीच्या हादऱ्याने दुसरीही उडू शकते. समोर कोण उभं असेल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

वेटोळ्यांबद्दल एवढंच: ठासणीच्या आणि बहुतेक जुन्या दुनळी बंदुकांत घोड्याची मुख्य स्प्रिंग इंग्रजी व्ही आकाराची पट्टी असते. वेटोळी नसतातच, कापणार काय? आणि ही पट्टी घासून कमजोर केली तर घोड्याचा मारच कमी पडतो, केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) फुटत नाही.

शिवाय जड चाप म्हणजे बिघाडच, असं नाही. थ्री-नॉट-थ्री या जुन्या रायफलचा चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. पहिला टप्पा ३ ते ४ पौंडांचा, दुसरा ५ ते साडेसहा पौंडांचा. ती मूळ रचनाच आहे. घरातल्या बंदुकीचा चाप पूर्वी हलका होता आणि आता अडतो, तर बहुधा आत चिकट झालेलं जुनं तेल आणि गंज असतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या बंदुकीचं हेच होतं. तिथे साफसफाई हवी, कानस नको.

परवान्याचा दावा सर्वांत घातक. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुनाट शस्त्राला आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. जी बंदूक तुम्ही चालू करायला बसलात, ती त्या सवलतीत कशी बसेल? कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ मध्ये कायदा बदलल्यानंतर या कलमाच्या भंगाला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप आहे.

चाप अडत असेल किंवा घोडा आपोआप सुटत असेल तर त्या बंदुकीत काडतूस किंवा दारू भरू नका. परवानाधारक बंदूक कारागिराकडेच ती द्या. कागदपत्रं सापडत नसतील तर कारागिराच्याही आधी पोलीस ठाण्यात जा. ठाणे शहर आणि नवी मुंबईत शस्त्र परवान्यांचं काम तिथल्या पोलीस आयुक्तालयांकडे आहे.