बंदी उठली, पण नियमात काय बदललं?

समुद्रातल्या तेलविहिरींचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात: ड्रिलिंग बंद करा, नाहीतर कंपन्यांना मोकळं सोडा. काम नेमकं कुठे फसतं हे बघायला कोणी थांबत नाही.

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोट होऊन ११ कामगार गेले. ही रिग खोदत असलेल्या मकोंडो विहिरीचं काम संपत आलं होतं. अशा वेळी निगेटिव्ह प्रेशर टेस्ट करतात. वरचा जड मड (तेल-वायूला वर येऊ न देणारा दाट द्रव) काढून तिथे हलकं समुद्राचं पाणी भरायचं, विहिरीवरचं वजन मुद्दाम कमी करायचं, दाब शून्यावर आणायचा आणि वाट बघायची. दाब परत चढला नाही, तर तळाच्या सिमेंटने विहीर धरली आहे. इथे ड्रिल पाइपवर (विहिरीत उतरवलेली खोदकामाची नळी) दाब चढून १४०० पीएसआय (दाबाचं एकक) झाला, किल लाइनवर (विहिरीत मड सोडायची बाजूची नळी) मात्र शून्य. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत जोडलेल्या, म्हणजे आकडा सारखाच यायला हवा. तिथेच सगळं थांबवायचं होतं. चाचणी पास धरली आणि उरलेला मड काढायला घेतला.

शेवटचा आधार बीओपीच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या आणीबाणीच्या झडपांच्या, ब्लाइंड शिअर रॅमचा: पाइप कापून विहीर बंद करणारी पाती. दाबाने वाकलेला पाइप पात्यांच्या मधोमध नव्हता, त्यामुळे तो पूर्ण कापलाच गेला नाही. तेल ८७ दिवस वाहत राहिलं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की ही चाचणी करायलाच हवी, असं तेव्हा अमेरिकी नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. मेअखेरीस खोल समुद्रातल्या ३३ विहिरींचं काम थांबवलं गेलं. ते योग्यच होतं, कारण तपासाला वेळ हवा होता. पण बंदी ऑक्टोबरमध्ये उठली. टिकलं ते त्याच महिन्यात नियमात आलेलं कलम: निगेटिव्ह टेस्ट सक्तीची, आणि रॅम पाइप कापू शकतो याची त्रयस्थाकडून पडताळणी. पाइप मधोमध आणण्याची अट यायला मात्र २०१६ उजाडलं. सहा वर्षं फार झाली.

आपल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर २७ जुलै २००५ ला तर विहीर खोदताना काही बिघडलंच नव्हतं. जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर पोचवायला आलेलं जहाज खवळलेल्या समुद्रात गॅस रायझरवर (समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म जोडणारी गॅसची उभी नळी) आदळलं आणि २२ जण गेले. नव्या विहिरींवर कितीही कडक बंदी असती, तरी तो रायझर तिथेच उघडा राहिला असता.

म्हणून परवानगी द्यायची की नाही यावर भांडण्याआधी तिच्या कागदात दोन ओळी शोधा: कोणत्या आकड्याला चाचणी नापास धरायची, आणि त्या क्षणी काम थांबवायचा अधिकार रिगवर कोणाच्या हातात आहे.